दयेपासून दाखल्यापर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी "तुम्ही काहीतरी जुन्या काळचे लिहा" अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा भोंडल्याच्या किंवा मंगळागौरीच्या आठवणी लिहाव्यात असेच प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी गेली काही वर्षे जे काम करीत आले आहे, त्या कामालाही एक इतिहास आहे, आणि तो कोणी सांगितलेला नाही. अपंग बंधुभगिनींना सरकारकडून जे साहाय्य मिळते त्यासाठी अर्ज लिहून देणे, हे ते काम. अर्ज लिहिता लिहिता माझ्या मनात नेहमी प्रश्न येत. हे पैसे सरकार केव्हापासून देऊ लागले? अंगाच्या दुबळेपणाला शेकड्याचे माप कोणी लावले? आणि ज्याला पायाने चालता येत नाही, त्यालाच सर्वांत जास्त कचेऱ्या का चढाव्या लागतात? यांची उत्तरे शोधताना जे वाचनात आले व जे डोळ्यांनी पाहिले, ते येथे थोडक्यात सांगते. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही.

आरंभी शब्दांविषयी एक खुलासा. आपल्या आज्या आंधळा, पांगळा, मुका असे सरळ म्हणत. पुढे अपंग हा शब्द आला, मग विकलांग आला. २०१५ सालच्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणातून दिव्यांग हा शब्द सुचविला आणि तेव्हापासून सरकारी कागदोपत्री तोच रूढ झाला. २०२२ सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वेगळा विभाग काढला त्याचे नावही दिव्यांग कल्याण विभाग असेच आहे. माझ्या पिढीच्या सवयीप्रमाणे मी येथे अपंग हा शब्द वापरते, त्यात कोणाचा उणेपणा दाखविण्याचा हेतू नाही. आमच्या गल्लीतील एका पोलिओ झालेल्या बाईंना मी एकदा विचारले होते, की तुम्हाला कोणता शब्द आवडतो. त्या म्हणाल्या, "बाई, मला काय म्हणायचं ते म्हणा, पण कागदावर नाव तेवढं नीट लिहा." या बोलण्याचा अर्थ मला पुढे चांगलाच कळला. ती हकीकत ओघाने येईलच.

आपल्या जुन्या समाजात अपंगांची काहीच सोय नव्हती असे नाही. ती घराकडे होती आणि धर्माकडे होती. एकत्र कुटुंबात एखादी लग्न न झालेली आत्या चुलीजवळ बसून आयुष्यभर भाजी निवडी, वाती वळी, मुले सांभाळी, आणि तिचे दोन वेळचे ताट निघे. ज्याला घर नव्हते तो देवळाच्या पायरीशी किंवा यात्रेच्या वाटेवर बसे. ग्रहणाला, अमावास्येला त्याच्या पुढ्यात पसाभर धान्य पडे. यात माणुसकी नव्हती असे कोण म्हणेल? परंतु ती सारी देणाऱ्याच्या मनावर होती. दान मागण्यासाठी अर्ज करावा लागत नसे हे खरे. पण कोणी "नाही" म्हटले तर दाद मागायला जागाही नव्हती. कुटुंबे विभक्त झाली, भाऊ शहराकडे गेले, तशी आत्याच्या ताटाची हमी राहिली नाही.

सरकारने या कामाकडे प्रथम पाहिले ते सैनिक आणि कामगार यांच्या निमित्ताने. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावून परत आलेल्या हिंदी शिपायांना नवा हस्तव्यवसाय शिकवावा म्हणून १९१७ साली, मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. देशासाठी लढताना पाय गेला तर त्या पायाची जबाबदारी सरकारची, हा विचार त्यामागे होता.

गिरण्या-कारखान्यांतील माणसांसाठी १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. या कायद्याला एक कोष्टक जोडलेले आहे. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमाईची शक्ती शेकडा किती गेली, हे त्यात मांडले आहे. शरीराच्या हानीला टक्क्यांचे माप लावलेले आपल्याकडील कायद्यातले हे जुने उदाहरण होय. कामगाराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण मालकाच्या मर्जीवर असलेली भरपाई आता कायद्याने ठरली. परंतु भगिनींनो, या हिशेबात कोण बसत नव्हते ते पाहा. जी कमावत नव्हती ती बाई बसत नव्हती. जन्मतःच न दिसणारे मूल बसत नव्हते. विहिरीवरून पाणी आणताना पडून कंबर मोडलेली गृहिणी बसत नव्हती. कमाईच नाही, तर तिची हानी कशाने मोजणार?

ही उणीव भरून काढण्याचे वचन १९५० साली राज्यघटनेने दिले. घटनेच्या ४१व्या अनुच्छेदात असे तत्त्व सांगितले आहे, की बेकारी, म्हातारपण, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क असावा, व राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत त्याची तजवीज करावी. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या आधारे कोर्टात जाऊन पैसे मागता येत नाहीत. तरीही "दान" या शब्दाच्या जागी "हक्क" हा शब्द येथे प्रथम बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

वचन कागदावर होते. काम मात्र त्या काळी थोड्या माणसांनी, आणि विशेषतः काही स्त्रियांनी, उभे केले. श्रीमती फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण करताना त्यांच्या ध्यानात आले, की अशा मुलांसाठी आपल्याकडे काहीच सोय नाही. एवढ्यावर न थांबता त्यांनी १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजीअलीजवळचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय हे त्याच कामाचे फळ. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसऱ्या श्रीमती कमलाबाई निंबकर. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या झाल्या. दुखणाइताला रोजची कामे पुन्हा स्वतःच्या हाताने करता यावीत यासाठी जे शास्त्र आहे, त्याचे शिक्षण देणारी शाळा त्यांनी १९५० साली मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात सुरू केली. पुढे १९५५ साली हाजीअली येथेच केंद्र सरकारची शारीरिक पुनर्वसनाची मोठी संस्था स्थापन झाली.

१९५९ हे साल मला या इतिहासात फार बोलके वाटते. त्या एका वर्षात मुंबईत दोन गोष्टी झाल्या. अपंगांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी देशातील पहिली खास सेवायोजन कचेरी तेथे निघाली, आणि त्याच वर्षी मुंबई राज्याचा भिक्षाप्रतिबंधक कायदाही झाला. अंगावरचे व्यंग दाखवून हात पसरणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. म्हणजे एका दाराशी "या, काम घ्या" अशी पाटी, आणि दुसऱ्या दाराशी पोलीस. ज्याला पहिल्या दारापर्यंत पोचता आले नाही त्याचे काय झाले असेल, याचा विचार मनातून जात नाही. कारण पहिल्या दाराशी अर्ज भरून द्यावा लागे, आणि अर्ज भरायला कोणीतरी लिहिता-वाचता जवळ असावे लागे.

आता आपल्या शनिवारच्या टेबलाकडे येते. घरी बसलेल्या निराधार माणसाला दरमहा रोख रक्कम देणारी जी योजना आपल्या तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. महाराष्ट्र सरकारने ती १९८० साली सुरू केली. निराधार विधवा, परित्यक्ता, दुर्धर रोगाने पीडित आणि अपंग अशा अनेकांचा तिच्यात समावेश आहे. लगेच १९८१ साल संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, व त्याच वर्षी अपंगांना कुबड्या, तीनचाकी, श्रवणयंत्रे वगैरे साधने देण्याची केंद्राची योजनाही निघाली. कोल्हापुरात श्रीमती नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था स्थापन केली. त्या स्वतः वयाच्या सोळाव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीवर आहेत. अपंगाने अपंगाचा अर्ज लिहिला म्हणजे त्यात काय फरक पडतो, हे त्यांच्या कामावरून दिसून येते.

यानंतरची पायरी कायद्याची. १९९५ साली संसदेने अपंगांच्या समान संधीचा व हक्कांचा कायदा केला; तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे सांगितली होती, आणि शेकडा ४० ही मर्यादा ठरविली होती. शेकडा ४० किंवा त्याहून अधिक अपंगत्व असल्याचा दाखला सरकारी डॉक्टरांच्या मंडळाने दिला, म्हणजे सवलतीचे दार उघडते. गतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा वेगळा कायदा झाला. "माझ्यामागे या मुलाचे कसे होईल?" ही ज्या आईची काळजी, तिला या कायद्याने कायदेशीर पालक नेमून घेण्याची वाट करून दिली. २००९ साली केंद्राने दारिद्र्यरेषेखालील तीव्र अपंगांसाठी, म्हणजे शेकडा ८० व अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी, इंदिरा गांधी यांच्या नावाने निवृत्तिवेतन सुरू केले. शेवटी २०१६ साली १९९५ चा कायदा जाऊन नवा कायदा आला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सात प्रकारांचे एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्याने आलेली विद्रूपता, शिकण्यातील विशिष्ट अडचणी अशा कितीतरी व्यथांना प्रथमच कायद्यात नाव मिळाले.

वाचताना हा सारा प्रवास चढता दिसतो. परंतु टेबलाच्या अलीकडे बसून पाहिले म्हणजे प्रत्येक कायद्याबरोबर एक नवा कागद वाढलेला दिसतो. अपंगत्वाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, फोटो. निराधार योजनेला महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा रहिवास हवा. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, आणि अपंगांच्या बाबतीत ५०,००० रुपये. यातील प्रत्येक अटीमागे काही कारण आहे; सरकारी पैसा योग्य हाती जावा हे कोणालाही पटेल. पण हे सात-आठ कागद सात-आठ खिडक्यांवर मिळतात, आणि त्या खिडक्यांपर्यंत जायचे असते ज्याला जाता येत नाही त्यानेच.

मागे इंग्रजी अमदानीत कचेरीच्या दाराशी झाडाखाली अर्जनवीस बसे. जमिनीचे, वारसाचे, तगाईचे अर्ज तो दोन-चार आण्यांत लिहून देई. आता त्याची जागा संगणकवाल्याने घेतली आहे. त्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. पण "साहेबांना द्यावे लागतात" असे सांगून गरिबाचे हजार-दोन हजार उकळणारे मध्यस्थही असतात. आमच्या मंडळात हे काम सुरू झाले तेच एका बाईने मंगळसूत्रातले दोन मणी मोडून असे पैसे भरल्याचे कळले तेव्हा. मंडळाच्या सभेत त्या दिवशी लोणच्याच्या वर्गाचा विषय होता. तो बाजूला राहिला आणि दर शनिवारी दोघींनी अर्ज लिहायला बसावे असे ठरले.

आता ती चूक सांगते. २०१७ सालच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतील एक वहिनी आपल्या नणंदेला घेऊन आल्या. याच त्या पोलिओ झालेल्या बाई. वय तेव्हा अठ्ठावन्नच्या आसपास. दुसऱ्या वर्षी ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ सालच्या जानेवारीत आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या भागाला पोलिओमुक्त ठरविले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याआधी ज्यांना तो झाला ती माणसे आपल्यात आहेत, आणि आता म्हातारी होत आहेत. या बाई भावाच्या घरी राहात. पापड लाटीत, गोधड्या शिवीत. भाऊ आजारी पडला होता आणि घर वहिनींच्या एकटीच्या मिळकतीवर आले होते. नणंदबाई माझ्याशी बोलताना वहिनींकडे बघत नव्हत्या. त्यावरून त्यांच्या मनावर कसला भार आहे ते मला कळले.

आम्ही सर्व कागद गोळा केले. पहाटेच्या एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी जाऊन डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणी झाली. शेकडा ५० चा दाखला मिळाला, तेव्हा वहिनींनी एस. टी. स्टँडवर सर्वांना चहा पाजला. मी अर्ज लिहिला, कागद जोडले आणि तहसील कचेरीत दिले. सात महिन्यांनी अर्ज परत आला. शेरा होता, "नावात तफावत."

झाले होते ते असे. शिधापत्रिकेवर व आधारकार्डावर त्यांचे घरातले लाडके नाव होते. लहानपणापासून सारे त्यांना त्याच नावाने हाक मारीत. डॉक्टरांनी दाखला मात्र चौथीच्या शाळेच्या दाखल्यावरून दिला होता, आणि त्यावर त्यांचे खरे नाव होते. दोन्ही कागद माझ्या हातात होते. मी ते एकावर एक ठेवून टाचणी लावली होती. तीस वर्षे शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, आणि येथे दोन वेगळी नावे माझ्या नजरेतून सुटली. अनुदान तेव्हा दरमहा ६०० रुपये होते. सात महिन्यांचे ४,२०० रुपये झाले. अर्ज मंजूर झाल्यावरच अनुदान सुरू होते. गेलेले महिने भरून मिळाले नाहीत. त्या घरात ४,२०० रुपयांत भावाच्या औषधाचे किती दिवस निघाले असते, हा हिशेब मी रात्री अंथरुणात पडून अनेकदा केला आहे.

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. नणंदबाई म्हणाल्या, "बाई, त्यात तुमचा काय दोष? शाळेतलं नाव मलासुद्धा आठवत नव्हतं. चौथीच्या मास्तरांनंतर त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही."

त्यांच्या या बोलण्याने माझे डोळे उघडले. ही एका अर्जातली चूक नव्हती. आपल्याकडे बाईचे नाव माहेरी एक, सासरी एक, कागदावर तिसरे. आणि जिचे लग्न झाले नाही, जी घराबाहेर पडली नाही, तिला तर नाव लिहिण्याची वेळच येत नाही. २०११ सालच्या शिरगणतीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांत महाराष्ट्रातील २९ लाख ६३ हजार. देशाच्या आकड्यात पुरुष सुमारे दीड कोटी आणि स्त्रिया १ कोटी १८ लाख. स्त्रिया खरोखरच इतक्या कमी आहेत, की मोजणारा दाराशी आला तेव्हा आतल्या खोलीतली आत्या, नणंद, सून सांगायची राहून गेली? याचा विचार आपण प्रत्येकीने आपापल्या गल्लीपुरता करावा.

पुढे आम्ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले, आधारकार्ड व शिधापत्रिका दुरुस्त करून घेतली आणि नवा अर्ज दिला. चार महिन्यांनी मंजुरी आली. अनुदान २०१९ साली १,००० रुपये झाले, जुलै २०२३ पासून १,५०० झाले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी सरकारने ते २,५०० रुपये केले. या रकमेत एक माणूस सुखाने राहील असे नव्हे. पण त्या बाई आता महिन्याचे काही पैसे वहिनींच्या हातात ठेवतात, आणि बोलताना त्यांच्याकडे बघतात.

अलीकडे दाखल्याची पद्धतही बदलली आहे. १ जून २०२१ पासून देशभर अपंगत्वाचा दाखला संगणकावरून, स्वावलंबन पोर्टलमार्फतच देण्याचा नियम झाला. त्यावर वैश्विक ओळखपत्र मिळते. शेकडा ४० पेक्षा कमी असेल तर त्यावर पांढरी पट्टी, ४० पासून ८० पर्यंत पिवळी आणि ८० व त्यावर निळी. अर्ज घरबसल्या भ्रमणध्वनीवरून करता येतो व त्याला शुल्क नाही. तपासणीला मात्र जावेच लागते. दाखला एका महिन्यात द्यावा असे २०१७ चे नियम सांगत होते. २०२४ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन महिने झाली. शिवाय ग्रामपंचायती व नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा राज्य सरकारचा नियम आहे. ती कशावर खर्च झाली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी येथे लिहून ठेवते. पहिली, अर्ज लिहिण्यापूर्वी सर्व कागद ओळीने मांडून प्रत्येकावरचे नाव मोठ्याने वाचावे, आणि ते ज्याचे आहे त्याला ऐकवावे. दुसरी, अर्ज दिल्यावर तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नसेल तर अर्ज दिला नाही असेच समजावे. तिसरी, शेकडा प्रमाण कमी लागले असे वाटल्यास फेरतपासणी मागता येते, तेव्हा हताश होऊन घरी बसू नये. चौथी, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान बंद पडते, आणि ते का बंद पडले हे अंथरुणावरच्या माणसाला कित्येक महिने कळतच नाही. रकमा व अटी सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून तहसील कचेरीत एकदा विचारून घ्यावे.

देवळाच्या पायरीपासून या पिवळ्या-निळ्या ओळखपत्रापर्यंतचा हा शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास आहे. त्यात सैनिक आला, कामगार आला, घटना आली, कायदे आले. यांपैकी एकही गोष्ट आपोआप कोणाच्या दाराशी चालत गेली नाही. हक्क असतो दिल्ली-मुंबईच्या कागदावर, आणि तो ज्याचा आहे तो असतो मागच्या गल्लीत. मधले अंतर कोणीतरी चालावे लागते.

भगिनींनो, माझ्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि दोन नावांतली तफावत पुन्हा एकदा नजरेतून सुटेल याची मला धास्ती वाटते. आपल्यातील तरुण मुली-सुना भ्रमणध्वनीवर बोटे किती सफाईने चालवितात ते मी पाहते. त्यांच्यातील दोघी-तिघींनी या वर्षी शनिवारचे दोन तास मागून घ्यावेत. खुर्ची, टेबल आणि टाचण्यांची डबी तयार आहे. मी शेजारी बसेन, आणि नावे मोठ्याने वाचून दाखवीन.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या नणंदबाई मंडळात आल्या होत्या. हजेरीच्या वहीत सही करताना त्यांनी चष्मा लावला, पेन घट्ट धरला, आणि चौथीतल्या मास्तरांना ठाऊक असलेले ते पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सावकाश लिहिले. मी कागद ओळीने मांडून तपासते तसे ते नाव एकदा तपासून पाहिले. ते बरोबर होते.